बुकरच्या आधीचं नागसेनवन

मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात साहित्याचं नोबेल हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोरकाई यांच्याकडे गेलं. ही नावं पुण्याजवळच्या ताथवड्यातल्या वसतिगृहांत मोबाइलवर त्याच दिवशी पोचतात. पुस्तकंही दोन दिवसांत घरपोच येतात. लेखक ज्या राजकारणाशी झगडून लिहितो, ते मात्र पार्सलात येत नाही.

हान कांग यांचं ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ घ्या. मे १९८० मध्ये दक्षिण कोरियाच्या ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, हे ठाऊक नसेल तर ती नुसतीच एक दुःखी कादंबरी वाटते. त्याच देशात ३ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला, तो काही तासांत मागे घ्यावा लागला, आणि त्याच आठवड्यात हान कांग त्या वर्षीचं नोबेल घ्यायला स्टॉकहोममध्ये होत्या.

अशा वाचनासाठी परदेशी विद्यापीठाचा दाखला कशाला? औरंगाबादच्या नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात, हे साठच्या दशकातच झालं. अमेरिकेत शिकून आलेले प्राध्यापक म. ना. वानखेडे दलित लेखकांना सांगत होते, की तिकडचे कृष्णवर्णीय लेखक काय लिहितात ते पाहा. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ नियतकालिकाने पुढे या चर्चेला हक्काचं घर दिलं. १९६६ मध्ये अमेरिकेत ओकलंडला कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर उभी राहिली; तिच्याच धर्तीवर १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर आली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह. परक्या समाजाचं साहित्य वाचून स्वतःच्या समाजाशी भांडायचं बळ मिळवणं, याहून चांगला ‘जागतिक साहित्या’चा वर्ग मला तरी माहीत नाही. आमच्या इंग्रजी विभागांनी त्याची दखल किती उशिरा घेतली, तो वेगळाच लेख होईल.

मुश्ताक याही याच मुशीतल्या. कन्नडमधल्या बंडाय या बंडखोर साहित्य-चळवळीतून त्या आल्या, हासनमध्ये वकिली केली. ‘हार्ट लॅम्प’मधल्या बारा कथा मुस्लिम बायकांच्या आहेत, पण त्या चळवळीविना वाचल्या तर ‘सोशिक बाई’च्या कथा होऊन बसतात. शिवाय आंतरराष्ट्रीय बुकरला इंग्रजी अनुवाद लागतो. अनुवादक दीपा भास्ती नसत्या तर हे नाव आपल्यापर्यंत शेजारच्या राज्यातूनही आलं नसतं.

ताथवड्यात अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची कॉलेजं दाटीने उभी आहेत. तिथे भाषा म्हणजे कम्युनिकेशन स्किल्स, आणि तीही मुलाखतीपुरती. जवळच्याच पिंपरीत २०१६ ला साहित्य संमेलन थाटात झालं, मांडव उतरला, अभ्यासक्रम होता तिथेच राहिला. मी म्हणतो, एकच ऐच्छिक विषय सुरू करा. पहिल्या आठवड्यात ग्वांगजू, आणि त्याच्याच जोडीला १९७५ चं कऱ्हाडचं संमेलन, जिथे अध्यक्ष दुर्गा भागवत यशवंतराव चव्हाणांसमोर आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. परीक्षा नंतर ठरवू.