शेरी लिंबची बारा मोटांची विहीर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना महामार्ग सोडून लिंबच्या दिशेने आत वळलं की उसाच्या शेतांमधून रस्ता शेरी लिंबला जातो. शेरी म्हणजे राजाच्या खासगीतली जमीन. इथली बारा मोटांची विहीर बघायला आता खूप लोक येतात. महालाच्या कमानीत उभं राहून फोटो काढतात, ‘विहिरीत राजवाडा!’ म्हणून थक्क होतात आणि परततात. त्यांचं थक्क होणं योग्यच आहे. पण महालाच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. ही विहीर एका मोठ्या शेतीचा, एका आमराईचा कणा होती आणि तिचा प्रत्येक दगड पाणी वर काढण्याच्या कामासाठी बसवलेला आहे.

१७१९ ते १७२४ या काळात वीरूबाईंनी ती बांधवून घेतली. शाहू महाराजांच्या घरातला कारभार या बाईंच्या हाती होता. अक्कलकोटच्या राजघराण्याचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले त्यांच्याच मायेखाली वाढले. विहिरीवरच्या शिलालेखात बांधकामाची शके १६४१ ते १६४६ ही वर्षं कोरलेली आहेत. गावात आमराईतल्या झाडांचा आकडा ३३०० सांगतात. आंब्याची रोपं जगवायची तर पहिली काही वर्षं उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं, आणि एवढ्या झाडांना पाणी द्यायचं तर एका-दोन मोटांनी भागत नाही. म्हणून इथे पंधरा मोटांची सोय आहे. त्यांतल्या बारा एका वेळी चालत, म्हणून नाव बारा मोटांची.

मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडलेली दुसरी आयताकृती आणि दोहोंच्या मधे पुलासारख्या भागावर तो महाल. वरून पाहिलं तर एकूण आकार शिवलिंगासारखा दिसतो. खोली ११० फूट, व्यास ५० फूट सांगतात.

मोट ज्यांनी पाहिलेली नाही अशा आता दोन पिढ्या झाल्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तोंडाला लोखंडी कडं, खाली निमुळती होत गेलेली सोंड. तोंडाला जाड दोर बांधलेला असतो, तो नाडा. सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाकडे येतो. बैल उतरत्या धावेवरून खाली चालू लागतात, नाडा ताणला जातो आणि भरलेली मोट वर चढते. उतार मुद्दाम ठेवलेला असतो. ओढताना बैलांचं स्वतःचं वजनही कामी येतं. मोट काठाशी आली की सोंदराने ओढलेली सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, पसरते, पाणी आपोआप ओतलं जातं आणि पाटाला लागतं. मग बैल पाठीमागे सरत धाव चढतात. उलट्या पायांनी चढायला जनावर शिकवावं लागतं, आणि ते शिकवणं सगळ्यांना जमत नसे. पुढे शेतात दारं धरणारा उभा असतो. एक वाफा भरला की बांध फोडून पाणी दुसऱ्यात घ्यायचं.

एका मोटेला निदान एक बैलजोडी हवीच. बारा मोटा चालायच्या म्हणजे चोवीस बैल, बारा मोटकरी, शिवाय दारं धरणारे, मोटा शिवणारे चांभार, दोर वळणारे, वैरण आणणारे. महालाच्या गच्चीवर बसणाऱ्यांच्या कथा सगळे सांगतात. मला तिथे उभं राहिलं की या माणसांची आठवण येते. त्यांची नावं शिलालेखात नाहीत.

मोटेची हीच युक्ती अरबस्तानातही होती. तिथल्या मध्यभागातल्या नज्द प्रदेशात खजुरीच्या बागांना ‘सवानी’ने पाणी देत. तिथेही खोल विहीर, चाक, कातड्याची सोंडवाली पिशवी आणि उतारावरून खाली जाणारे उंट, गाढवं किंवा बैल. आजच्या सौदी अरेबियाच्या ईशान्य टोकाला, कुवेतच्या सीमेलगत अल खफजीत आज समुद्राचं पाणी सौरऊर्जेच्या मदतीने गोडं करणारा प्रकल्प आहे, दिवसाला ६०,००० घनमीटर क्षमतेचा. तरीही वारसा उत्सवांमधून सवानी जनावरं जुंपून चालवून दाखवतात. पाणी त्यांना आता यंत्रातून मिळतं, पण जुनं यंत्र कसं चालायचं हे त्यांच्या मुलांना डोळ्यांनी बघता येतं. मला त्याचा हेवा वाटतो.

आपल्याकडे मोट हळूहळू गेली. किर्लोस्करवाडीत १९२६ साली पंप बनू लागले, मग डिझेल इंजिनं आली, मागून वीज आली. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर पडल्या आणि विहिरींकडे पाठ फिरली. पडक्या विहिरीत कचरा जातो, निर्माल्य जातं, गाळ साठतो. दगडांच्या सांध्यांत पिंपळ उगवतो.

या पाठ फिरवण्याला उलटं वळण दिलं ते पगाराविना राबणाऱ्या माणसांनी. रोहन काळे यांनी २०२० मध्ये मोटारसायकलवरून राज्यभर फिरून जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, शोधायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने हजाराहून अधिक विहिरी आणि बारवा नकाशावर आणल्या. महाशिवरात्रीला गावकरी या बारवांच्या पायऱ्यांवर दिवे लावतात. दिव्यांचे फोटो सगळीकडे पोचतात, पण दिवे लावायचे तर आधी पायऱ्या मोकळ्या कराव्या लागतात. खरं काम ते. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने उपसली, तेव्हा तिच्या गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्या पुन्हा लोकांच्या नजरेला पडल्या.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. घमेली आणि फावडी घेऊन उत्साही पोरं आली की पहिला हात पिंपळावर पडतो. पण मूळ उपटलं तर त्यासोबत दगडही निखळतो. रोपटं वेळच्या वेळी छाटत राहावं लागतं, आणि मोठं झाड असेल तर जाणकार येईपर्यंत थांबावं लागतं. दुसरा मोह सिमेंटचा. जुनी भिंत चुन्याची असते. चुना ओल आत घेतो, बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत अडकते, क्षार साठतात आणि शेजारचा दगड फुगून सुटू लागतो. गाळ काढतानाही तो चाळून बघावा लागतो, कारण निखळलेले घडीव दगड त्यातच सापडतात. जिथे अनुभवी हात पुढे असतात तिथे काम संथ चालतं आणि टिकतं. जिथे एका रविवारात सगळं चकाचक करायची घाई असते तिथे नुकसान होतं, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

शेरी लिंबच्या विहिरीचं बांधकाम तीनशे वर्षांनंतरही भक्कम आहे. तिला पाणी आहे. दगड वाचला, पण ज्यासाठी तो रचला ते काम तिथे दिसत नाही. मोटेच्या जागा बघणाऱ्या मुलाला तिथे नेमकं काय चालायचं ते कळत नाही, आणि सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. मोट शिवता येणारा हात अजून कुठे असेल तर तो आत्ताच शोधायला हवा. पंधरांपैकी एका जागी चाक बसवावं, पुरातत्त्व जाणणाऱ्यांना विचारून, मूळ दगडाला धक्का न लावता. बाजूला थारोळं आणि थोडा पाट, त्याच्या कडेने आंब्याची दहा-वीस रोपं. एखादी जोडी धाव चढायला शिकवावी. ज्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी मोट हाकली त्यांना काठावर बसवून सोंदूर किती सैल सोडायचा ते विचारावं आणि ते सांगतील ते तिथल्या तिथे लिहून, चित्रित करून ठेवावं. त्यासाठी पैसा फार लागणार नाही. विहिरी उपसणाऱ्या या पोरांच्या हाताशी तो म्हातारा आणि ती बैलजोडी तेवढी यायला हवी, आणि तीही पुढच्या चार-पाच उन्हाळ्यांच्या आत.