रेषा ओढायची वेळ

अमरावतीत जवाहर गेटमधून आत शिरलं की रस्ते एकदम आटतात. परकोटाची ही भिंत पेंढाऱ्यांच्या भीतीनं, निजामाच्या अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. अंबागेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट हे मोठे दरवाजे. पटेल खिडकी, माता खिडकी या लहान वाटा. बांधली संरक्षणासाठी, पण शहराचा आकारही तिनंच ठरवला. आत घराला घर चिकटलं. बाहेर कापसाचा बाजार, जिनिंग आणि इंग्रजांचा कॅम्प ऐसपैस पसरला.

भिंतीचं ते काम आता कागदावरच्या रेषा करतात. महापालिकेची हद्द, विकास योजनेतला रस्ता, शाळेचं किंवा बागेचं आरक्षण, पूररेषा. यांतल्या रस्त्यामागे आणि आरक्षणामागे १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातल्या दोन शहरांकडे पाहताना मला एक गोष्ट ठामपणे वाटते: रेषा कुठे ओढली याहून ती कधी ओढली, यावर जास्त अवलंबून असतं.

अमरावती महापालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी झाली, तेव्हा दहाएक किलोमीटरवरचं बडनेरा आणि भोवतालची खेडी एकदमच तिच्यात आली. मुंबई–नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो, अमरावतीला फाटा आहे. त्यामुळे मधल्या पट्ट्यात वस्ती वाढणार हे उघड होतं. आज गजबजलेला तो पट्टा शेती असतानाच एका यंत्रणेच्या अखत्यारीत आला.

अकोल्याचं घड्याळ उशिरा चाललं. महापालिका २००१मध्ये झाली, पण हद्द अठ्ठावीसेक चौरस किलोमीटरचीच राहिली. तेवढ्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे सव्वाचार लाख माणसं. मलकापूर, उमरी, खडकी, शिवणी ही गावं नजरेला शहरच झाली होती, दप्तरी मात्र ग्रामपंचायती होत्या. २०१६मध्ये अशी २४ गावं महापालिकेत आली आणि क्षेत्रफळ एका झटक्यात सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं. म्हणजे योजना करायला जी जमीन मिळाली, तिच्या बऱ्याच भागावर घरं आधीच उभी होती.

याचा अर्थ जमिनीवर उतरून पाहायला हवा. समजा चार एकरांचं वावर आहे. मालकानं रीतसर लेआउट टाकला, तर दहा टक्के जागा ओपन स्पेस म्हणून सोडावी लागते, आतले रस्ते साधारण नऊ मीटरचे ठेवावे लागतात आणि ते शेजारच्या लेआउटच्या व विकास योजनेच्या रस्त्यांना जुळवावे लागतात. विकता येईल अशी जागा बरीच कमी होते, म्हणून प्लॉट महाग पडतो. तेच वावर गुंठ्यागुंठ्यानं विकलं तर काहीच सोडावं लागत नाही. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हमाल, रिक्षावाला, शाळेतली सेविका यांना परवडतो तो हाच. व्यवहार स्टँप पेपरवर, सातबारा सामाईक, रस्ता दहा-बारा फुटांचा. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुतवत माणसं ये-जा करतात. अँब्युलन्स, अग्निशमनाचा बंब आत येत नाही. नाली काढायला जागा नाही, मुलांना खेळायला मैदान नाही.

या माणसांना बेकायदा म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं. कायदेशीर आणि स्वस्त असा प्लॉट बाजारात होताच कुठे? शासनानं २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, त्यात १ जानेवारी २००१पर्यंतची गुंठेवारी धरली. २०२१मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत वाढवली. घराला कागद मिळाला हे चांगलंच झालं. पण शुल्क भरून रस्ता रुंद होत नाही.

आणि रस्त्याची रुंदी हीच आजच्या नियमांची किल्ली आहे. मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर डिसेंबर २०२०पासून एकच नियमावली लागू आहे. दाट वस्तीच्या जुन्या भागाला वेगळे नियम आहेत. एरवी मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१०, म्हणजे हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर अकराशे फूट बांधकाम. त्याहून जास्त हवं तर अधिमूल्य भरा किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घ्या. पण समोरचा रस्ता किमान नऊ मीटरचा असला तरच. म्हणून हमरस्त्यालगत सात-आठ मजले चढतात आणि गल्लीत मागच्या बाजूला दुमजली घरं अडकून पडतात. तीस वर्षांपूर्वी कुणी किती फूट रस्ता सोडला, त्यावर आज नातवाला किती मजले चढवता येतील हे ठरतं.

आरक्षणांचं दुखणं वेगळं. योजनेत एखाद्याच्या जमिनीवर मैदान दाखवलं, पण दहा वर्षांत ती घेतलीच नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत संपादनाकडे पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत होतं. नुसती पत्रापत्री म्हणजे पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं. मालकाला वर्षानुवर्षं टांगून ठेवणं चूकच. तरी पैसे नसलेल्या महापालिकेच्या हातून मैदान असं निसटतं तेव्हा नुकसान त्या वस्तीतल्या मुलांचं होतं.

पूररेषेबाबत तर मुळीच सवलत नको. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई आहे. अकोल्यातली मोर्णा नदी वर्षातले बरेच महिने नाल्यासारखी दिसते, म्हणून काठचा प्लॉट घेताना कुणाला धोका वाटत नाही. जुलै २०२१च्या पावसात अकोल्यात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा नदीनं आपली रुंदी दाखवली.

वीस वर्षांतून एकदा तरी योजना सुधारावी, असं कायदा सांगतो. प्रारूप जाहीर झालं की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. त्यानंतर सात जणांच्या नियोजन समितीपुढे सुनावणी होते. त्यात तिघे स्थायी समितीचे सदस्य असतात, चौघे शासनानं नेमलेले तज्ज्ञ. ज्याचा प्लॉट मोठा आहे तो त्या तीस दिवसांत वास्तुविशारद आणि वकील गाठतो. गुंठेवारीतल्या माणसाला नकाशावर आपलं घर शोधणंही जड जातं. प्रारूपाचा नकाशा महापालिकेच्या भिंतीवर टांगण्याबरोबर तो उमरीच्या, खडकीच्या शाळेत लावा, सर्व्हे नंबर वाचून दाखवा, मोबाइलवर द्या. वाडीवस्तीचा माणूस तिथं आला, तर रस्ता कुठून न्यावा हे तोच बोट ठेवून सांगेल.