घरातील मराठी आणि संगणकाची खिडकी

दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. आमच्या वृद्ध आत्याबाई सकाळी संगणकासमोर बसल्या होत्या. पीपलरावां हे देवास जिल्ह्यातील लहानसे गाव. पुण्या-मुंबईचे दैनिक काही आमच्या दारात येऊन पडत नाही. म्हणून गेली काही वर्षे त्या ते संगणकावरच वाचतात. त्या दिवशी त्यांनी आम्हांस जराशा घुश्शातच हाक मारली, "अरे, पेपरवाल्यांनी मराठी सोडली की काय? सगळे हिंदीत छापले आहे!"

आम्ही जाऊन पाहिले, तो खरोखरच तसे होते. बातम्या त्याच, छायाचित्रे तीच. मजकूर मात्र हिंदी, आणि तीही अशी, की आमच्या शाळेतील मुलाने लिहिली असती तर आम्ही तांबडी रेघ ओढली असती. वर्तमानपत्राचा यात काही दोष नव्हता. नातवाने ब्राउझरची भाषा हिंदी ठेवली होती, आणि मराठी मजकुराचे नेहमी भाषांतर करावे काय, या प्रश्नाला कोणीतरी न वाचताच होकार दिला होता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भाषांचा विभाग असतो. तेथे मराठीचा समावेश करून तिचे भाषांतर कधीही करू नये असे सांगितले, आणि दोन मिनिटांत आत्याबाईंचा पेपर पूर्ववत झाला.

काम दोन मिनिटांचे, पण मनास चुटपुट लागली. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार-देवासकडे मराठी कुटुंबे आली. भोवती माळवी आणि हिंदी असताना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी राखली. आत्याबाई होत्या म्हणून त्यांना चूक उमगली. नातवाने ते पान उघडले असते, तर वर्तमानपत्र हिंदीच आहे असे समजून तो पुढे गेला असता. म्हणूनच हा विषय वाचकांपुढे मांडावासा वाटला.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखविणारी खिडकी. क्रोम, फायरफॉक्स, एज ही तिची परिचित नावे. ही खिडकी नीट नसेल तर पलीकडचे मराठी शुद्ध असूनही आपणांस अशुद्ध दिसते. विसेक वर्षांपूर्वी ज्यांनी मराठी दैनिके संगणकावर वाचली, त्यांना हे आठवत असेल. त्या काळी बहुतेक वर्तमानपत्रांचा टंक वेगवेगळा असे. तो आपल्या संगणकात नसला, की बातमीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. कारण पडद्यावर 'क' दिसला, तरी आत साठविलेले असे एखादे रोमन अक्षरच. फायरफॉक्ससाठी पद्म नावाची एक जोडणी निघाली होती. ती असा मजकूर वाचनीय देवनागरीत बदलून देई. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. परंतु संगणक, ब्राउझर आणि वर्तमानपत्रे या तिघांनी तो स्वीकारण्यास बरीच वर्षे जावी लागली.

अनेक जुन्या घरांतील पेटीत मोडीतील कागद असतात आणि ते वाचणारा कोणी उरलेला नसतो. जुन्या टंकांत लिहून ठेवलेल्या मजकुराची गत तशीच होऊ पाहत आहे. आमच्या कार्यालयातील कृतिदेव टंकातील जुनी पत्रे तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडली, की वाचता येत नाहीत. घरातील वंशावळ, आठवणी, पत्रे जुन्या टंकात असतील तर ती वेळीच युनिकोडमध्ये आणून ठेवावीत, ही आमची पहिली विनंती.

दुसरी गोष्ट अद्ययावत करण्याची. पुष्कळांस वाटते, चालते आहे ते कशाला हलवा? पण ब्राउझरची नवी आवृत्ती केवळ नव्या सजावटीसाठी येत नाही. जुन्या आवृत्तीत चोराला शिरता येईल अशी भोके सापडलेली असतात. ती बुजविणे हे तिचे मुख्य काम. कौले फिरविणे टाळले, तर पाऊस काही आपला मुलाहिजा ठेवीत नाही, तसेच हे आहे. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी निरोप दिला. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या आवृत्त्या त्या यंत्रावर बसत नाहीत. तेव्हा असे जुने यंत्र वाचनापुरते ठेवले तरी त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

नवी आवृत्ती कोठून घ्यावी, हे आम्ही ठेच लागून शिकलो. एकदा शाळेचे काम घरी करीत असता पानाच्या मधोमध पाटी झळकली, 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, त्वरित नवा घ्या.' विद्यार्थ्यांना सावधगिरीचे धडे देणाऱ्या आम्हीच त्यावर बोट ठेवले! दुसऱ्या दिवसापासून शोधाचे पान बदलले, कोपऱ्यात बक्षिसांच्या जाहिराती उगवू लागल्या, आणि आम्ही न मागितलेली एक जोडणी आत ठाण मांडून बसली. ती काढून टाकली, दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून बँकेचा पासवर्ड बदलला, आणि मगच त्या रात्री झोप लागली. पैसे गेले नाहीत, हे दैव. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की एखाद्या पानावर उगवलेल्या पाटीवर विश्वास ठेवू नये. क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. तेथून मदत या भागात जाऊन क्रोमविषयीची माहिती उघडली, की तो स्वतःच नवी आवृत्ती शोधून घेतो. फसवणुकीत पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

जोडण्यांना सर्वजण एक्स्टेन्शन म्हणतात. मराठी शुद्धलेखन तपासणारी, जाहिराती अडविणारी, अशा त्या उपयुक्त असतात. परंतु पुष्कळ जोडण्यांना आपण उघडतो ते प्रत्येक पान वाचण्याची मुभा आपण देत असतो. घरात गडी ठेवताना चौकशी करतो, तेवढी तरी येथे करावी. शिवाय चांगल्या जोडणीचा मालक बदलू शकतो. 'द ग्रेट सस्पेंडर' ही लाखो लोकांनी घेतलेली क्रोमची जोडणी २०२० मध्ये दुसऱ्याच्या हाती गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ती घातक ठरवून बंद केली. कधी दोष आपला नसतोही. मे २०१९ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे फायरफॉक्सच्या जोडण्या जगभर एकाएकी बंद पडल्या होत्या. दुरुस्तीची वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता.

पान उघडेनासे झाले, तर लगेच यंत्र देवासला नेण्याची घाई करू नये. प्रथम ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. मग खाजगी खिडकीत तेच पान पाहावे. तेथे ते उघडले, तर दोष बहुधा जोडणीत किंवा साठलेल्या जुन्या प्रतींत असतो. जोडण्या एकेक करून बंद कराव्यात, साठलेल्या प्रती पुसाव्यात. आणि प्रत्येक पान असुरक्षित आहे असे ब्राउझर सांगू लागला, तर घड्याळ पाहावे! जुन्या यंत्रातील नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि आजची प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटू लागतात. सेल बदलण्यास खर्च अगदी थोडा येतो.

असो. आत्याबाई आता रोज वाचायला बसण्यापूर्वी नातवाला जवळ बोलावतात. तो जोडण्या तपासतो, आवृत्ती पाहतो, आणि त्याच्या बदल्यात त्याला पहिली बातमी मोठ्याने वाचावी लागते. 'ळ' आणि 'ल' यांत तो अजून अडखळतो. परंतु वाचतो मात्र मराठीच.