पत्त्यावरची सही

कराडच्या खातेदाराने मोबाइलवर बँकेच्या संकेतस्थळाचं नाव टाइप केलं, की फोन आधी विचारतो: या नावाचा आकडी पत्ता कोणता? उत्तर देते डीएनएस, १९८३ साली आखलेली यंत्रणा. उत्तर अस्सल की बनावट, हे तपासायची सोय मूळ आराखड्यात नव्हतीच. खोटं उत्तर घुसवून माणसाला भलत्याच संकेतस्थळावर किती सहज नेता येतं, हे संगणक-सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवलं.

त्यावरचा उपाय डीएनएससेक. यात उत्तरासोबत डिजिटल सही येते. पत्त्यातला एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही. सही तपासायला किल्ली लागते. ‘डॉट इन’च्या किल्लीची ग्वाही मूळ विभाग, म्हणजे नावांच्या उतरंडीतला सगळ्यात वरचा थर, देतो; पुढच्या नावांच्या किल्ल्यांची ‘डॉट इन’. मूळ विभागावर सही झाली १५ जुलै २०१० ला. ही सही काही लपवत नाही, फक्त खरेपणा सिद्ध करते.

रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन बँकांना ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावांवर यायला सांगितलं. सहकारी बँकांचं जाळं असलेल्या सातारा-सांगलीसाठी हा निर्णय मला मोलाचा वाटतो. पण ओळखीचं नाव पुरेसं नाही. त्यावर सही हवी, आणि इंटरनेट पुरवठादाराच्या सर्व्हरने ती तपासायलाही हवी.