आमच्या मोहल्ल्यातील थंडीची लाट

हिमवादळ हा शब्द आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो आणि तो आपल्यासाठी नव्हेच, असे समजून पान उलटतो. गोंदिया जिल्ह्यात बर्फ पडत नाही हे खरे. परंतु विदर्भात सर्वांत कमी तापमान कोठे नोंदले गेले, या बातमीत गोंदियाचे नाव अनेक हिवाळ्यांत वाचावयास मिळते. आमच्या वयाच्या मुलांना लहानपणची थंडी विचारली, तर पुष्कळजण २०१८ चा डिसेंबर सांगतील. त्या महिन्याच्या २९ तारखेला नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. तेथील आधीचा नीचांक ३.९ अंशांचा, ७ जानेवारी १९३७ चा होता. ऐंशीहून अधिक वर्षांनी तो मोडला.

मी तेव्हा सहावीत होते. नळाखाली हात धरवत नव्हता. खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवल्याखेरीज वेणी होत नसे. चौकात अंधार पडताच शेकोटी पेटे. कोणी तणस आणी, कोणी जुना टायर आणला की म्हातारी माणसे त्याला परत पाठवीत. राइस मिलमधून रात्रपाळी करून येणारे हमाल घरी जाण्याआधी तेथे हात शेकून जात. "औंदा हिव लयच हाय," एवढेच प्रत्येकजण बोले. पण हे हिव येते कोठून, हे आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही. ते पुढे पुस्तकांतून समजले, आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

आपला जिल्हा दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. समुद्र जवळ असला की हवा फार तापत नाही व फार गारही होत नाही. मुंबईची थंडी म्हणूनच सौम्य. आपल्याकडे ते संरक्षण नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ येतात आणि हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतात. त्यांच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य भारतात उतरतात. आकाश निरभ्र होते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते. ढग असले तर ते दुलईसारखे ही उष्णता अडवून धरतात. ढग नसले तर ती निघून जाते, आणि पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास, पारा सर्वांत खाली येतो. म्हणूनच बंगालच्या उपसागरावरून ढग आले की थंडी पळाली, असे आपण म्हणतो.

हवामान खात्याचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी घसरले असेल, तर ती थंडीची लाट होय. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर सरासरी न पाहताही लाट मानतात. म्हणजे आकड्याइतकेच महत्त्व त्या आकड्याची आपणास सवय आहे की नाही, याला आहे.

ही गोष्ट शेतकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक असते. उन्हाळी धानाचे पऱ्हे याच दिवसांत बांधीत असतात. कडक थंडीत ते पिवळे पडतात, त्यांची वाढ खुंटते आणि रोवणी लांबते. म्हणून संध्याकाळी विहिरीचे कोमट पाणी पऱ्ह्यांत सोडावयाचे आणि सकाळी ते गार झालेले पाणी काढून टाकावयाचे. पाणी सावकाश थंड होते, एवढ्या साध्या नियमावर पीक वाचते.

माणसाचेही असेच आहे. १२ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का व डाकोटा भागात भीषण हिमवादळ झाले. सकाळ उबदार होती, म्हणून मुले पातळ कपड्यांत शाळेला गेली. वादळ अकस्मात आले, आणि घरी परतताना अनेक मुले दगावली. त्या प्रदेशाला बर्फ नवीन नव्हता. घात केला तो बेसावधपणाने. आपल्याकडे घरांची बांधणी उन्हाळ्याचा विचार करून झालेली, लोकरीचे कपडे मोजके आणि थंडीचे दिवस थोडे; त्यामुळे ५ अंशही आपणास जड जातात.

त्यातही एक धोका असा की तो उबेच्या रूपाने घरात येतो. त्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने घमेल्यात कोळसे पेटवून दार-खिडक्या बंद करून झोप घेतली. मध्यरात्री थोरल्या मुलाला उलटी झाली, सर्वांची डोकी जड झाली. शिळे अन्न बाधले असे त्यांना वाटले. आजीने दार उघडून सर्वांना अंगणात आणले, म्हणून निभावले. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहूनही अधिक जोराने धरून ठेवते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेकोटी उघड्यावर असावी, हा जुन्या माणसांचा आग्रह किती शास्त्रशुद्ध होता!

परंतु ज्यांना घरच नाही, त्यांनी काय करावे? गोंदिया जंक्शनच्या परिसरात, दुकानांच्या ओट्यांवर, वीटभट्ट्यांवर रात्र काढणारी माणसे आपण रोज पाहतो. उत्तरेचा वारा अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर उडवून नेतो, आणि गार फरशी खालून उष्णता ओढून घेते. अशा माणसाला एक घोंगडी दिली तर ती अर्धे काम करते. अंगाखाली तणसाचा किंवा पोत्यांचा जाड थर दिला तर उरलेले अर्धे होते. धानाच्या या जिल्ह्यात तणस आणि पोती यांना तोटा नाही. पहाटे पारा किती उतरला हे आपण वर्तमानपत्रात आवडीने वाचतो. त्याच रात्री आपल्या चौकात कोण उघड्यावर झोपले होते, हेही आपणास ठाऊक असावे.