टक्के कमी करून द्या, काका!

मांजरसुंब्याच्या चौकात माझं डीटीपीचं दुकान. पोरं प्रबंध टाइप करायला येतात. उचललेला मजकूर मला लगेच कळतो: परिच्छेदाच्या मधेच फॉन्ट बदलतो, नाहीतर केजच्या शेतकऱ्यांवरच्या प्रबंधात अचानक कोल्हापूरचा ऊस उगवतो!

यूजीसीचा २०१८ चा नियम असा: दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. रीतसर नाव देऊन घेतलेली अवतरणं यात मोजत नाहीत. नेमकं हेच कुणी वाचत नाही.

"काका, शब्द फिरवून टक्के कमी करा ना." मी म्हणतो, कल्पना तर मूळ लेखकाचीच राहिली की! तळटीप घाला, तिचे पैसे घेत नाही.