वानरांची जोडी आणि जनुकांचा हिशेब

धारवाडच्या परिसरात १९६२ साली जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांना हनुमान वानरांच्या कळपात एक विलक्षण घटना आढळली. बाहेरून आलेल्या नरांनी कळपाच्या प्रमुखाला हुसकावले. पाठोपाठ नव्या प्रमुखाने आईच्या अंगावर पिणारी पिल्ले चावून मारली. पिल्लू गमावलेली मादी लवकर माजावर येते आणि पुढची संतती नव्या नराची जनुके घेऊन जन्मते, असे स्पष्टीकरण सारा हर्डी यांनी पुढे माउंट अबू येथील निरीक्षणांतून मांडले. या क्रौर्यामागे वंशवृद्धीचा लाभ असू शकतो, हे पचवणे अनेक अभ्यासकांना जड गेले.

गोरिलांतही परका नर पिल्ले मारतो. मात्र दीडशे किलोंहून जड असलेला हा नर कळपातील माद्या बहुधा एकट्याच्याच ताब्यात ठेवतो. त्यामुळे त्याची वृषणे जेमतेम ३० ग्रॅमची! चिंपांझीची मादी अनेक नरांशी समागम करते. तेथे झुंज शुक्राणूंची असते. म्हणून ४५ किलोंच्या नराची वृषणे सुमारे १२० ग्रॅम भरतात.

या चढाओढीची खूण जनुकांतही उमटली आहे. वीर्य घट्ट करणाऱ्या ‘सेमेनोजेलिन-२’ या प्रथिनाचे जनुक शिकागोच्या संशोधकांनी २००४ साली तपासले. मादीचे जोडीदार जितके अधिक, तितक्या वेगाने ते बदललेले दिसले. गोरिलांत या कुळातील जनुकांना निकामी करणारे बदल साचले आहेत. वृषणांचे शरीराशी प्रमाण पाहता माणूस या दोघांच्या मध्ये, पण गोरिलाकडे अधिक झुकलेला आहे.